विसरणाऱ्या बाईची साक्ष

१

मंगळवारी दुपारी झोपून उठल्यावर उमादेवींनी सवयीनं हात छातीशी नेला, आणि तिथं काहीच नव्हतं. गळ्यातला दोरा तुटून उशीवर पडलेला. त्या दोऱ्याला चांदीची एक डबी असायची आणि डबीत त्यांचं इष्टलिंग. डबीही नव्हती, लिंगही नव्हतं.

सोनपेठसारख्या गावात जन्म काढल्यावर मला एवढं ठाऊक आहे की लिंगायत माणसाला लिंग गुरूच्या हातून मिळतं आणि ते जन्मभर अंगावरून उतरत नाही. आंघोळ करायची, डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा. हल्लीची पोरं यात सूट घेतात, पण उमादेवींच्या पिढीत सूट नाही. लिंग नाही तर पूजा नाही, आणि पूजा नाही तर पाणी नाही.

गुरुवारी सकाळी त्यांचा मुलगा राजेश्वर माझ्या दारात आला. "फौजदारसाहेब, आईनं परवापासून पाणी घेतलं न्हाई. घरात कामाला बाई हाय ना, गीता, तिनंच डबी मारलीय. पोलिसात जायचं न्हाई, अब्रूचा सवाल हाय. तुमी नुसता दम द्या, ती ओकंल."

मी बन्सीधर, रिटायर्ड फौजदार. नोकरी सुटली तरी लोकांना मी दम देण्यासाठीच आठवतो, आणि तो दमही नेहमी कुणातरी गरिबालाच द्यायचा असतो. तरीही गेलो, कारण उमादेवी पाणी पीत नाहीत हे ऐकून मला राहवलं नाही.

राजेश्वरचं बियाणं-खताचं दुकान आहे आणि घर दुकानाच्या मागेच. वडील गेल्यापासून घरात शब्द चालतो तो त्याच्या चुलत्यांचा, बसवेश्वरअप्पांचा. अप्पा याच घरात राहतात, देवस्थानच्या ट्रस्टचे अध्यक्ष आहेत. गावात कुणाचाही कार्यक्रम असो, पहिला हार आणि पहिली शाल त्यांनाच. एरवी अप्पांची पूजा म्हणजे गल्लीचा भोंगा असतो. दार सताड उघडं, मंत्र खणखणीत, आणि वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून तीर्थ. त्या दिवशी मात्र देवघराचं दार आतून लावलेलं होतं. घरात संकट आहे म्हणून गप्प असतील, असं मला वाटलं.

उमादेवी कॉटवर बसल्या होत्या. ओठ सुकून सालपटं निघालेली. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावली होती, ती त्यांनी ओढून काढलेली. मागच्या वर्षी त्यांचं हृदय बंद पडलं होतं. दवाखान्यात ते पुन्हा चालू केलं, जीव वाचला, पण तेव्हापासून नवं काही लक्षात राहत नाही. माहेर, लग्न, सासूचे टोमणे, राजेश्वरचा जन्म, सगळं तोंडपाठ. आत्ता कोण येऊन गेलं, ते पाच मिनिटांत पुसून जातं.

त्यामुळं काय होत होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा हात छातीशी जायचा, बोटं चाचपडायची, आणि चेहरा पडायचा. "माझा देव कुठं हाय गं?" मग रडणं. थोड्या वेळानं विसरायच्या, शांत व्हायच्या, आणि हात पुन्हा छातीशी. दुसऱ्या कुणाचं दुःख दिवसागणिक थोडं तरी शिळं होतं. यांचं दर वेळी पहिल्यासारखं ताजं.

आणि त्यांच्यासमोर उभं राहून घरचे एकच वाक्य बोलत होते. "तिला काय कळतंय?" राजेश्वर म्हणाला, त्याची बायको धनश्री म्हणाली, पूजा आटोपून आलेले अप्पाही म्हणाले. माझं डोकं तिथंच फिरलं. ती बाई ऐकत होती हो!

गीताबाई पडवीत खांबाला टेकून बसली होती. आमच्या परभणी जिल्ह्यातली थंडी ती, सकाळी हाडात शिरते. अंगावर तिनं जरीकाठाची मरून शाल लपेटलेली, घड्यांच्या रेघाही मोडल्या नव्हत्या इतकी कोरी. मी दम द्यायच्या आधीच ती उठली, तांब्या घेऊन आत गेली आणि कॉटजवळ वाकली. "आई, घोटभर पाणी घ्या ना."

उमादेवी किंचाळल्या. दोन्ही हात छातीवर घट्ट दाबून भिंतीला चिकटल्या. "हिला काढा! हिला भाईर काढा!"

तांब्या गीताबाईच्या हातून निसटला. सगळ्या घरानं तिच्याकडं पाहिलं.

२

त्याच गोंधळात परभणीहून डॉक्टर शिवरंजनी आल्या. मेंदूच्या डॉक्टर, आणि उमादेवींच्या सख्ख्या भावाची मुलगी. त्या आधी कुणाशीही बोलल्या नाहीत. कॉटवर बसून आत्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आत्या, मी तपासू का तुला?" त्या घरात उमादेवींना काही विचारणारं माणूस मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

नाडी पाहून त्या बाहेर आल्या. "संध्याकाळपर्यंत पोटात पाणी गेलं पाहिजे. नाहीतर मूत्रपिंडं बसतील. दुसरं लिंग नाही आणलं?"

"आणलं की," धनश्री म्हणाली. "मठातल्या स्वामींनी कालच दुसरं दिलं. हातात धरलं, बोटानं फिरवून पाह्यलं, आणि म्हणाल्या, हे माझं न्हाई. परत मठात पाठवावं लागलं. कसं कळलं कोण जाणे. सकाळी काय खाल्लं ते आठवत न्हाई."

"बोटांना कळलं. लहानपणापासून रोज हातात घेतलेली वस्तू आहे ती."

"मग ती ओरडली कशाला?" राजेश्वरनं विचारलं. "आधी गीताला पाहून अशी कधी करत नव्हती."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "मेंदूच्या आत खोलवर काही भाग मिळून काम करतात. त्याला लिंबिक यंत्रणा म्हणतात. त्यातला एक भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. आज घडलेलं उद्यासाठी साठवायला तो लागतो. त्याला प्राणवायू सतत हवा असतो. आत्याचं हृदय थांबलं तेव्हा हिप्पोकॅम्पस निकामी झाला. पण त्याला लागूनच बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. त्याला गोष्ट सांगता येत नाही, पण धोका ओळखता येतो. आत्याचा तो शाबूत आहे. मंगळवारी काय झालं ते तिला कधीच सांगता येणार नाही. पण तेव्हाची खूण समोर आली की तिचं अंग आपोआप घाबरणार."

अप्पा नीट ऐकत होते. "म्हणजे घडलेलं विसरली तरी भीती ऱ्हाते?"

"राहते."

"हे शास्त्र म्हणतंय?"

"हो, अप्पा."

"मग संपलं की!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. "वहिनी कुणाला भिऊन ओरडल्या ते समद्यांनी पाह्यलं. तुझ्याच शास्त्रानं चोर दाखवला. फौजदारसाहेब, घ्या हिला."

  

३

तरी मी म्हटलं, घाई नको. एकेकाला विचारू. डॉक्टर शेजारी बसल्या.

धनश्री पदर खोचत आली. चिडलेली होती, आणि लपवतही नव्हती. "तुमी वाईट म्हणा मला. पण दिवसातून आठ-आठ वेळा पूजा करतात त्या. केली हे आठवतच न्हाई. दर वेळी आंघोळीचं पाणी तापवा, बेल आणा, भस्म द्या. कधी जेवणावरून उठून तशाच बसतात. मी लय थकलेय. पण म्हणून लिंग घेईन का मी? माझं सुद्धा लिंग हाय की."

"गळ्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई, देवघरात. स्वयंपाकात मध्ये येतं. आमी दोघंबी देवघरातच ठेवतो. अप्पाच तेवढे आन्हिकाचे पक्के. झोपेतसुद्धा उतरवत न्हाईत."

राजेश्वर म्हणाला, तो मंगळवारी जेवायला घरी आला होता, आणि जेवून लगेच दुकानात गेला. "आईच्या पूजेची मला बी लाज वाटते कधीकधी, खोटं कशाला बोलू. रविवारी अप्पांच्या नातीला पाह्यला पाहुणे आले आणि आईनं मधल्या घरातच पूजा मांडली. उठवलं, की परत मांडली. पाहुणे हसायले. पण आई हाय माझी."

अप्पांनी आम्हालाच उपदेश केला. लिंग म्हणजे काय, ते अंगापासून एक क्षणही वेगळं का होऊ नये, त्याला उष्टा हात लागला तर काय पाप लागतं. बोलले सुरेख. मंगळवारी दुपारी ते त्यांच्या खोलीत पडले होते म्हणे.

शेवटी गीताबाई. "मी मागं कपडे धुवायले होते. आईचं ओरडणं ऐकून आले तर त्या उशी चाचपायल्या. साहेब, तीन साल झाले मी ह्यांचं करायलेय. आजारी नव्हत्या तवापासून. मला चोरायचं असतं तर आजवर चोरलं नसतं का?"

"तिची पिशवी बघा," अप्पा दारातून म्हणाले.

मला ते आवडलं नाही. पण गीताबाई स्वतःच तरातरा उठली, खुंटीवरची कापडी पिशवी काढली आणि आमच्यासमोर फरशीवर उलटी केली. "बघा! गरिबाच्या पिशवीत काय असणार!"

एक लुगडं पडलं, कंगवा पडला, औषधाची पट्टी पडली. आणि त्यांच्यामागून खणकन चांदीची डबी.

गीताबाईला रडूसुद्धा फुटेना.  राजेश्वरनं झडप घालून डबी उघडली.

डबी रिकामी होती.

४

अप्पांचा पट्टा सुरू झाला. लिंग कुठं फेकलंस, गटारात टाकलंस का, तुझ्यामुळं माझ्या घरातली लक्ष्मी उपाशी मरते. गीताबाई नुसती मान हलवत होती. मी तीस वर्षं चोर पाहिलेत. असली डबी घेऊन कुणी स्वतःहून पिशवी उलटी करत नाही. पण माझ्या अशा म्हणण्याला पुरावा म्हणत नाहीत, आणि तिकडं कॉटवरचे ओठ आणखी सुकत होते.

"एक गोष्ट सांगा," डॉक्टर धनश्रीला म्हणाल्या. "आत्या गीताबाईला काल पण भ्यायली का? कोणकोणत्या वेळी?"

धनश्री आठवू लागली. "काल सकाळी ओरडल्या. दुपारी न्हाई. दुपारी गीतानं केस विंचरले, गप बसल्या होत्या. संध्याकाळी थंडी पडल्यावर परत..."

"दुपारी तीच गीताबाई, तेच तोंड, तोच आवाज. मग दुपारी भीती कुठं गेली?" डॉक्टर गीताबाईकडं वळल्या. "गीताबाई, ती शाल काढून बाहेर ठेवा. हात धुवा आणि मग आत या."

गीताबाई शालीशिवाय आत गेली. कॉटजवळ बसली. मी दारात उभा होतो. उमादेवींनी तिच्याकडं पाहिलं, हात पुढं केला आणि तिचं मनगट धरलं. "गीते, तू कुठं होतीस गं? माझा देव सापडंना." आणि तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

"आत्या," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "एक कापड तुझ्याजवळ आणायचंय. तुला भीती वाटेल कदाचित. मी धरून बसते. आणू?"

उमादेवींनी मान डोलावली. मी शाल आणली. ती हातात घेतल्यावर मला वास आला. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकतात ना, त्यांचा उग्र वास, नाकात बसणारा. मी अजून दोन हात लांब होतो तोच उमादेवींचे दोन्ही हात छातीवर गेले आणि मान बाजूला वळली. "नको! तोंडावर नको! काढा ते!"

मी शाल अंगणात भिरकावली.

"तोंडावर," डॉक्टर म्हणाल्या.  "ऐकलं ना सगळ्यांनी? बाकीच्या जाणिवांना मेंदूत वळसा घेऊन यावं लागतं. वास सरळ त्या बदामाजवळ पोहोचतो. आत्या गीताबाईला कधीच भ्यायली नाही. ती या वासाला भ्यायली. मी मघाशी अर्धंच सांगितलं, चूक झाली माझी. भीती खरी साक्ष देते, पण ती नाव सांगत नाही. नाव आपण लावलं, आणि घरातल्या सगळ्यांत गरीब माणसाला लावलं."

"शाल तर हिचीच हाय की," राजेश्वर पुटपुटला.

"कधीपासून?"

गीताबाई म्हणाली, "काल सकाळी दिली ना मला. थंडी लय हाय म्हणून. वैनींनी आणून दिली."

सगळे धनश्रीकडं वळले. लिंग गेलं मंगळवारी दुपारी. शाल गीताबाईला मिळाली बुधवारी सकाळी. मंगळवारी ती शाल कुणाच्या हातात होती?

धनश्रीचा चेहरा उतरला. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, मग खाली मान घातली. "मला... मला अप्पांनी दिली. म्हणाले, गीताला दे बिचारीला."

५

अप्पा हसले. "एवढंच? अगं, सत्काराच्या शालींनी माझी ट्रंक भरलीय. गावभर वाटतो मी त्या. कुणाच्याबी अंगावर असंल तसली."

"ट्रंकेची किल्ली कुणाकडं असते?" मी विचारलं.

"त्यांच्या करदोट्याला," धनश्री म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. "कुणाला हात लावू देत न्हाईत."

"किल्लीनं काय होतंय?" अप्पांचा आवाज चढला. "दीर वहिनीच्या गळ्यातलं लिंग तोडतो का? चोरून काय करीन मी?"

"तेच मला कळत नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "चोराला चांदी हवी असते. तो डबी ठेवतो आणि आतलं काळं लिंग फेकून देतो. इथं उलटं झालं. चांदीची डबी दुसऱ्याच्या पिशवीत कोंबायला त्याला काही वाटलं नाही, पण लिंग मात्र हातून सोडवेना. म्हणजे घेणारा लिंगाला मानणारा आहे. गीताबाई आमच्यातली नाही, तिनं ते का जपावं? राजेश्वरनं किंवा धनश्रीनं घेतलं असतं तर स्वतःच्या लिंगाशेजारी देवघरात ठेवलं असतं. मघाशी मी पाहून आले. तिथं दोनच आहेत. ते अंगावरच राहायला हवं असं मानणारा या घरात एकच माणूस आहे."

मला तेव्हा ते लावलेलं दार आठवलं. "अप्पा, तुमची पूजा गल्लीला ऐकू येते. आज दार कशाला लावलं होतं?"

"मंगळवार संध्याकाळपासूनच लावायलेत," धनश्री म्हणाली.

"तुमी माझ्या गळ्याला हात घालणार का?" अप्पा गरजले. "या गावात कुणाची हिंमत हाय?"

"कुणी हात घालणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही फक्त बसून राहू. आत्या पाणी पिणार नाही. उद्या किंवा परवा ती जाईल. मग आपल्या रिवाजाप्रमाणं खड्डा खणला जाईल, तिला मांडी घालून बसवतील, आणि डावा तळहात पुढं करतील लिंग ठेवायला. अप्पा, ट्रस्टचे अध्यक्ष म्हणून विधीला तुम्हीच पुढं असाल. तेव्हा तिच्या हातावर काय ठेवणार?"

 आतून उमादेवींचा आवाज आला, "माझा देव कुठं हाय गं?" परत पहिल्यापासून.

अप्पांचा हात सदऱ्याच्या आत गेला. त्यांच्या स्वतःच्या लिंगाला लागूनच पांढऱ्या फडक्यात बांधलेलं दुसरं होतं. गाठ सुटेना म्हणून त्यांनी ती दातांनी सोडवली.

"मी चोरी केली न्हाई," ते म्हणाले. "विटंबना थांबवली. उष्ट्या हातानं, पारोश्या अंगानं पूजा! पाहुण्यांत शोभा झाली, मठात लोक तोंड लपवून हसायले. आमच्या घराण्याच्या सुनेचं लिंग हाय ते. मी रोज त्याची पूजा केलीय, एक दिवस चुकू दिलं न्हाई."

"तोंडावर शाल का दाबली?" मी विचारलं.

"जागी झाली ती. ओरडली असती. नुसती धरली होती, फौजदारसाहेब, दाबली न्हाई. मला वाटलं, पाच मिनिटांत विसरंल. भूक लागली की जेवंल. तिला काय कळतंय?"

"आणि डबी? गीताबाईची पिशवी?"

 कामाची बाई काय, दुसरी मिळते, असं त्यांच्या मनात आलं असणार. मी आयुष्यात खिसेकापू पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण एका आजारी बाईच्या विसरण्यावर भरवसा टाकून तिला लुटणारा आणि वर तिच्यासाठी मंत्र म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला त्यांची किळस आली, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. लोक म्हणतात चोर तो चोर वर शिरजोर. हा तर चोर, वर पुजारी.

डॉक्टरांनी लिंग ओंजळीत घेतलं. गीताबाईनं पाणी तापवलं, दोघींनी उमादेवींना न्हाऊ घातलं, बेल आणला, भस्म दिलं. उमादेवींनी लिंग डाव्या तळहातावर घेतलं, बोट एकदा त्यावरून फिरवलं आणि काही न बोलता पूजेला बसल्या. कुठंही चुकल्या नाहीत. पूजा झाल्यावर तीर्थ घेतलं आणि गीताबाईच्या हातातला तांब्या तोंडाला लावला. घटाघटा पाणी प्यायल्या त्या.

तेवढ्यात अप्पा दाराशी आले. धुतलेला सदरा, कपाळाला ताजं भस्म. शालही नाही आणि तो वासही नाही. उमादेवींनी त्यांना पाहिलं आणि चेहरा उजळला. "भावजी, उभे का? बसा की. गीते, भावजीला चहा टाक गं."

अप्पांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. ते आमच्याकडं वळले. "बघा. वहिनींच्या मनात काय बी न्हाई. त्या विसरल्या. आता आपण बी विसरू. घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या."

आणि राजेश्वरनं मान डोलावली! जिच्या पोटात दोन दिवस पाणी नव्हतं तिच्या मुलानं! मी तोंड उघडणार होतो, पण गीताबाई आधी बोलली. चहाचं भांडं तिनं खाली ठेवलं.

"त्यांना आठवत न्हाई, ते त्यांचं दुखणं हाय, अप्पा. मला काय दुखणं न्हाई."

ती माझ्याकडं वळली. "साहेब, मला दम द्यायला बोलावलं होतं ना तुमाला? आता ठाण्यातच चला. आईला दोन घास भरवते आणि येते."

भाताचे घास तिनं शांतपणे भरवले, तोंड पुसलं, पांघरूण सारखं केलं. राजेश्वर मध्ये आला, पगाराचं काहीतरी बोलू लागला. ती त्याच्या बाजूनं निघून गेली. डॉक्टर आत्याजवळ थांबल्या. मी गाडीला किक मारली.

ठाण्यात हवालदारानं अप्पांचं नाव ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "कशाला मोठ्या माणसाच्या नादी लागता? आणि म्हातारीला तर काय आठवत न्हाई म्हणता. मग झालं ते सांगणार कोण?"

गीताबाईनं समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"मी सांगते," ती म्हणाली. "लिहा."